परत येण्याचा पुरावा

वाशीच्या सेक्टर नऊमध्ये राहणाऱ्या सौ. अरुणा अरविंद केळुसकर या स्वतःच्या घरी परत येणार नाहीत, ही गोष्ट १९८४ सालच्या मार्च महिन्यात अधिकृतरीत्या सिद्ध झाली. तोपर्यंत तसा संशय कुणालाच आला नव्हता. शेजाऱ्यांना नाही, दूधवाल्याला नाही, आणि खुद्द अरुणाबाईंना तर नाहीच. लग्न झाल्यापासून त्या घराबाहेर सलग बारा दिवसांहून जास्त कधी राहिल्या नव्हत्या, आणि त्या बारा दिवसांतही त्यांचा अर्धा जीव लोणच्याच्या बरण्यांत अडकलेला होता.

ज्या देशाच्या वकिलातीने हा शोध लावला त्या देशाचं नाव इथे देता येत नाही. पुढेमागे आपल्यालाही तिथे अर्ज करायचा असतो.

त्या देशात केळुसकरांची एकुलती एक लेक नंदिनी राहत होती. जावई सुधीर इंजिनिअर, स्वभावाने गरीब, पण पहिलटकरणीच्या कामाचा शून्य. जुलैत दिवस भरणार होते. नंदिनीने लिहिलं होतं, ‘आई, तू येच. इथले डॉक्टर हुशार आहेत, पण ते पाठीवरून हात फिरवत नाहीत. मला भीती वाटते गं.’ हे पत्र अरुणाबाईंनी इतक्यांदा वाचलं की त्याच्या घड्या फाटायला आल्या. मग त्यांनी डिंक निवडायला घेतला आणि अरविंदरावांनी अर्ज भरायला.

पहिल्या मुलाखतीला काचेपलीकडे एक तरुण गोरा साहेब बसला होता. शेजारी एक मराठी दुभाषीबाई.

“इथे स्वतःचं घर आहे?” साहेबाने तिच्यामार्फत विचारलं.

आता सभ्य मराठी बाईला तिच्या घराबद्दल विचारलं तर ती काय सांगणार? “घर कसलं हो, दोन खोल्यांचं खुराडं आहे झालं.”

दुभाषीबाईने इमानेइतबारे भाषांतर केलं. साहेबाने लिहून घेतलं: कोंबड्यांच्या जागेत राहते.

“तुमच्यावाचून नवऱ्याचं अडेल?”

“छे, ह्यांचं कुठे काय अडतंय! चहासुद्धा स्वतःचा स्वतः करतात.” हे धादांत खोटं होतं. अरविंदरावांना साखरेचा डबा कुठे असतो हेही ठाऊक नव्हतं. पण परक्या माणसापुढे नवऱ्याचा मोठेपणा ठेवायचा असतो.

“मुलीचं तिकडे बरं चाललंय?”

“देवाच्या दयेनं कशालाच काही कमी नाही.”

“मग परत कधी येणार?”

“लेक सोडेल तेव्हा!” असं म्हणून अरुणाबाई कौतुकाने हसल्या.

साहेबाने सगळ्याची बेरीज केली. बाई खुराड्यात राहते, नवऱ्याला ती नको आहे, लेकीकडे गोकुळ आहे आणि लेक तिला सोडणार नाही. तुम्ही-आम्ही असतो तरी आणखी काय ठरवलं असतं? पासपोर्टावर शिक्का बसला आणि सोबत एक छापील चिठ्ठी मिळाली: ‘आपण मायदेशी परत याल असे दर्शवणारे बंध आढळून आले नाहीत.’

अरविंदरावांचा पारा चढला, पण नकारामुळे नव्हे. ते भूसंपादनाच्या कचेरीतून अव्वल कारकून म्हणून आदल्या वर्षी निवृत्त झाले होते. एकतीस वर्षांत त्यांनी स्वतः हजारो माणसांना नकार दिला होता, आणि त्यातला एकही बेकायदा नव्हता. “नाही म्हणा, आमची हरकत नाही,” ते चिठ्ठी उलटीपालटी करत म्हणाले, “पण ह्याला जावक क्रमांक कुठे आहे? संदर्भ कुठे आहे? ‘सबब’ कुठे आहे? ह्याला काय नकार म्हणतात? निव्वळ उर्मटपणा आहे हा!”

सोसायटीचा सेक्रेटरी बंडू कर्णिक खालच्या मजल्यावर राहायचा. स्वतः कधी पुण्याच्या पलीकडे गेला नसल्यामुळे परदेशच्या बाबतीत त्याचा सल्ला सगळे घेत. तो म्हणाला, “काका, टेन्शन नका घेऊ. सिंपल आहे. काकूंचं इकडे काय काय अडकलंय ते दाखवायचं. माणूस जीव टाकून पळेल, पण रांगेतला नंबर टाकून पळणार नाय.”

हे अरविंदरावांना पटलं. त्यांनी फाइल केली. सत्याहत्तर साली टेलिफोनसाठी केलेल्या अर्जाची पावती, म्हणजे सात वर्षांची तपश्चर्या. गॅसच्या दुसऱ्या सिलिंडरचा नंबर. स्कूटरचा नंबर, जो अजून चार वर्षांनी लागणार होता. रेशनकार्ड, दूधकार्ड, महिला मंडळाच्या खजिनदारपदाचं पत्र आणि ‘सदर बाई जिन्यात रोज दिसतात’ असा सोसायटीच्या लेटरहेडवरचा दाखला. एकूण एकशे त्रेचाळीस पानं. पृष्ठांकन, अनुक्रमणिका, लाल फीत. अरुणाबाईंचीही तयारी करून घेतली. मुलाखतीत नम्रपणा म्हणून करायचा नाही, असं त्यांना बजावलं.

एप्रिलमध्ये अरुणाबाई त्याच काचेपुढे उभ्या राहिल्या आणि शिकवल्याप्रमाणे खणखणीत आवाजात म्हणाल्या, “माझं घर राजवाड्यासारखं आहे. माझ्यावाचून ह्यांचं पान हलत नाही.”

साहेबाने जुना कागद काढला. “मार्चमध्ये आपण म्हणालात की ते चहा स्वतः करतात. यातलं खरं काय?”

अरुणाबाईंनी वळून नवऱ्याकडे पाहिलं. मागे उभ्या असलेल्या अरविंदरावांना मात्र त्या कचेरीच्या दप्तराबद्दल पहिल्यांदाच आदर वाटला. मग साहेबाने फाइल हातात तोलून पाहिली, उघडली मात्र नाही. दुभाषीबाई म्हणाली, “साहेब म्हणतात, ज्याला खरोखरच परत यायचं असतं तो इतके कागद गोळा करत नाही.”

पुन्हा शिक्का.

घरी परतल्यावर अरुणाबाई पदराने डोळे पुसत म्हणाल्या, “माझी पोर तिकडे कळा देणार, आणि मी इथे बसून टेलिफोनचा नंबर लागायची वाट बघू? आग लागो त्या फायलीला!” पस्तीस वर्षांच्या संसारात त्या इतक्या मोठ्याने कधी बोलल्या नव्हत्या. अरविंदरावांना वाईट वाटलं. काय करावं ते न सुचून ते चहा करायला उठले आणि साखर न सापडल्यामुळे परत येऊन बसले.

मे महिन्यात तिसरा अर्ज केला. वकिलातीबाहेरच्या रांगेत त्यांच्या पुढे एक साठीची बाई उभी होती. अंगावर काष्ट्याचं करडं लुगडं, कपाळ मोकळं आणि काखेत प्लास्टिकच्या पिशवीत गुंडाळलेला कागदांचा एक गठ्ठा. तिने मागे वळून अरविंदरावांना पायापासून टोपीपर्यंत न्याहाळलं.

“केळुसकर सायेब ना तुमी?”

“हो. आपण?”

“कोपरखैरन्याची पुतळा. गोटीराम म्हात्र्याची बायको. बाहत्तर साली तुमी आमचे घरान आलेले पंचनाम्याला.”

अरविंदरावांना आठवलं नाही. आठवायचं तरी किती घरांचं!

“आमी तवा मिठागरावर व्हतो,” पुतळाबाई शांतपणे म्हणाली. “मिठाचा हंगाम. चार महिने तिकडंच राहायचं. तुमी आलाव, कुलूप बगितलंव, नि लिवलंव का ही मानसं गावात राहत नाय. सात पिढ्या राहिलो, पन तुमचे कागदान नाय राहिलो. जमीन सरकारनं घेतली, भरपाई गेली, बदली पलाट गेला.”

“नियमानुसार... पंचनाम्याच्या दिवशी जी वस्तुस्थिती असेल...” अरविंदराव पुटपुटले. अरुणाबाई नवऱ्याकडे बघत राहिल्या. हे त्यांना नवीन होतं.

“तं आमी दावा लावला. घरधनी गेला. बाकी इस्टेट नव्हती, दावा व्हता. तो आता माजे नावान हाय.”

पुतळाबाईचा मुलगा नामदेव बोटीवर खलाशी म्हणून लागला होता तो त्याच देशात उतरून राहिला, एका हॉटेलात आचारी झाला, आणि आता त्याला आईला भेटायचं होतं. अरविंदरावांना तिची कीव आली. जिच्याजवळ ना फ्लॅट, ना फोनचा नंबर, तिला कोण सोडणार?

पुतळाबाईची पाळी आली. काचेपुढे गठ्ठा ठेवून ती उभी राहिली.

“परत यायचं काय कारण?” दुभाषीबाईने विचारलं.

“तारीख हाय.”

“कसली तारीख?”

“कोर्टाची. अठ्ठावीस आगस्टला.”

“किती वर्षं चाललाय दावा?”

“बारा.”

“आणि निकाल कधी लागेल?”

पुतळाबाईने या प्रश्नाचं उत्तर दिलं नाही. ती नुसती बघत राहिली. दुभाषीबाईला हसू फुटलं आणि तिने साहेबाच्या कानात काहीतरी सांगितलं. साहेबाच्या चेहऱ्यावर समाधान पसरलं. दोन महिने तो जो बंध शोधत होता तो हाच. घरदार विकता येतं, नवरा मागाहून बोलावता येतो, लोणची बरोबर नेता येतात. पण चालू दावा हा असा खुंटा आहे की त्याला बांधलेलं माणूस जगाच्या पाठीवर कुठेही गेलं तरी तारखेला हजर होतं. व्हिसा दोन मिनिटांत मंजूर झाला.

त्यानंतर अरुणाबाईंना बोलावण्यात आलं. ‘परिस्थितीत बदल नाही’ असा शेरा मारायला साहेबाला तेवढाही वेळ लागला नाही.

बाहेर फुटपाथवर पुतळाबाई बसची वाट बघत होती. अरुणाबाई सरळ तिच्यापुढे जाऊन उभ्या राहिल्या आणि काही बोलायच्या आतच रडू लागल्या. लेक, जुलै, डिंकाचे लाडू, पाठीवरून फिरवायचा हात, असं तुकड्यातुकड्यांनी सगळं बाहेर आलं. नामदेवचं गाव नंदिनीच्या गावापासून दोन तासांवर होतं. अरविंदराव पाच पावलं मागे उभे राहून वकिलातीची पाटी वाचत होते. पाटीवर दोनच शब्द होते, पण त्यांना ते पुरले.

“मी चाळीस बाळंतपनं केली हायती,” पुतळाबाई म्हणाली. “आनखी येक. रडू नको बाय. नवऱ्यानं लिवलं त्यात पोरीचा काय गुन्हा?”

अरविंदरावांना हे शब्द लागले. ते पुढे झाले. “पुतळाबाई, मी प्रतिज्ञापत्र करून देतो. तुम्ही त्या घरात राहत होता, माझी नोंद चुकली, असं लिहून देतो. तुमचा दावा निकाली निघेल.”

“नको नको सायेब, येवड्यात नको!” पुतळाबाई घाबरून म्हणाली. “दावा मिटला तं ह्यो शिक्का पन मिटंल. आदी मना जाऊन येवदे.”

अशा रीतीने अरुणाबाईंचे डिंकाचे लाडू, बाळंतकाढा आणि जुन्या मऊ लुगड्यांची दुपटी पुतळाबाईच्या सामानातून परदेशी गेली. जुलैत नंदिनीला मुलगा झाला. तिने लिहिलं, ‘पुतळामावशींनी दीड महिना मला खाली पाय ठेवू दिला नाही. बाळाला तेल लावताना त्या काहीतरी गातात, मला कळत नाही, पण बाळ ऐकतं. एकदा त्यांच्या गळ्यात पडून मी आई आई म्हणून रडले.’ अरुणाबाईंना आनंद झाला, आणि त्या आनंदात एक बारीक कुसळ राहिलं ते राहिलंच.

इकडे सोसायटीत चर्चा सुरू झाली. बंडू कर्णिक म्हणाला, “काका, लिहून घ्या. ती बाई आता परत येत नाय. तिचं इकडे आहे काय? अशा लोकांना व्हिसा देतात आणि आपल्यासारख्यांना नाय, हा चॉइसच चुकीचा आहे.” अरविंदरावांनी मान डोलावली. मनातून त्यांनाही तसंच वाटत होतं.

पुतळाबाई सव्वीस ऑगस्टला परत आली. अठ्ठाविसाला कोर्टात गेली, जानेवारीची पुढची तारीख घेतली आणि तिथून तडक केळुसकरांकडे आली. तिने बाळाचा फोटो दिला. नाक अरुणाबाईंवर गेलं होतं. अरुणाबाईंनी फोटो छातीशी धरला आणि विचारलं, “नंदू इकडे यायचं कधी म्हणते? जाताना म्हणाली होती, दोन वर्षांत परत येतो. आता चौथं लागलं.”

पुतळाबाईने चहाची बशी खाली ठेवली.

“ती कशाला येल, बाय? घर घेतलाय तिनं तिकडं. हितं तिची कंची तारीख हाय?”

अरुणाबाई फोटोतल्या बाळाच्या मुठीवर अंगठा फिरवत राहिल्या. तीन महिने त्या परत येतील का याची चौकशी झाली होती. जी खरोखर परत येणार नव्हती, तिला विमानतळावर हार घालून, पेढे वाटून, त्यांनी स्वतःच पाठवलं होतं, आणि तिच्याकडे एकही कागद मागितला नव्हता.

दुसऱ्या दिवशी सकाळी अरविंदराव जिल्ह्याच्या कोर्टात गेले. वादी अरविंद केळुसकर, प्रतिवादी सौ. नंदिनी, वादविषय, वाशी येथील दोन खोल्यांची मालकी. खोल्या त्यांच्याच होत्या आणि त्यांच्या पश्चात लेकीलाच जायच्या होत्या, पण वकील म्हणाला, तेवढ्यावरून वीस वर्षं सहज निघतील. खिडकीमागच्या कारकुनाने अर्ज पाहून मान वर केली नाही. “मुलगी परदेशात? मग त्या रांगेत उभे राहा.” त्या रांगेत सत्तरएक म्हातारी माणसं आधीच उभी होती. सगळ्यांच्या हातात फोटो होते.

ही रांग हल्ली बरीच लांब गेली आहे. वाचकांपैकी कुणाची मुलं दोनच वर्षांसाठी म्हणून गेली असतील, तर त्यांनी सकाळी लवकर यावं. आणि वाचक स्वतःच कधीकाळी कोकणातून किंवा देशावरून आईला ‘येतो’ असं सांगून वाशीला राहायला आला असेल, तर त्याने रांगेत उभं राहण्याआधी घरी जाऊन पाहावं. त्याच्या नावाची नोटीस कदाचित टपालात पडली असेल.