डिकीतली बॅटरी

हमीद सरांच्या जुन्या गाडीचं बोनेट उघडलं तर आत बॅटरी नसते. एकदा क्रांती चौकात गाडी बंद पडली, तेव्हा मेकॅनिकनं आत डोकावून बोंबच मारली, “चाचा, बॅटरी गेली चोरीला!” सर शांतपणे मागं गेले, डिकी उघडली आणि नवी सून दाखवावी तशी बॅटरी दाखवली. “इंजिन के बाजू में भट्टी लगती मई में. मैं इसको इधर ठंडक में रखा.”

छावणीत आम्ही वरच्या मजल्यावर, सर खालच्या. तंत्रशाळेत वायरिंग शिकवून निवृत्त झालेले, एकटेच. बॅटरीपासून अंगठ्याएवढी जाड लाल केबल गालिच्याखालून पार इंजिनापर्यंत नेलेली. बॅटरीपासून वीतभर अंतरावर एक मोठा फ्यूज. “केबल कहीं घिस गया तो ये उडेगा. ये नहीं रहा, तो गाडी उडेगी.” शेजारी लाकडी पाटीवर दिवे, हॉर्न, पंखा, वायपर, प्रत्येकाचा वेगळा फ्यूज आणि प्रत्येकाचं नाव मराठीत आणि उर्दूत. लग्नाला गेले की आहेराबरोबर नवरदेवाच्या कानात सांगतात, “मियाँ, माँ और बीवी को अलग-अलग फ्यूज पे रखो.”

हे सगळं मला चालत होतं. चालत नव्हतं ते एवढंच, की माझा नवरा दर रविवारी त्या डिकीत असायचा.

माझं गुलमंडीत अस्तर-फॉलचं दुकान आहे. वाळूजची कंपनी बंद पडल्यापासून हेही तिथंच बसतात. सहा दिवस आम्ही एका काउंटरला, पण बोलतं ते गिऱ्हाईक. रविवार तेवढा माझा. आणि नेमकी रविवारी सकाळी खालून हाक यायची, “जाधवसाब, फाल्ट आया!”

की हे चहा अर्धा टाकून खाली. दोन वाजता वर यायचे, हात काळे आणि तोंडात शीळ. माझ्यासोबत असताना हा माणूस कधी शीळ घालत नाही. दुसरी बाई असती तर जाऊन दोन शब्द सुनावले असते. डिकीला काय सुनावणार?

एका शनिवारी हे भाजी घ्यायला थांबले आणि मी पुढं आले. बघते तर सर डिकीत वाकलेले. बॅटरीची काळी केबल गाडीच्या पत्र्याला जिथं बोल्टनं आवळतात, तिथला नट पान्यानं ढिला करून ते खाली कागदाची घडी सरकवत होते.

“सर, हा काय उद्योग?”

सर दचकले. पाना लपवायला गेले, तो माझ्याच पायावर पडला.

“म्हणजे रविवारचा फाल्ट शनिवारी बनतो?”

“हौ, भाभी.”

“माझा नवरा पळवायला?”

सरांनी खाली पडलेला पाना उचलला. मग म्हणाले, “भाभी, इतने साल उन्होंने मशीनाँ जिंदा किये. आता अस्तर कापतात. सरळ कापतात, मापात कापतात. पण बंद पडलेलं काही त्यांच्या हातानं चालू होत नाही. इथं रविवारी होतं. बस.”

मला राग यायला हवा होता. आलाही, पण सरांचा नाही. इतकी वर्षं त्या काउंटरला ह्यांच्या शेजारी उभी मी, आणि हे दिसलं खालच्या मजल्यावरच्या माणसाला. एवढी जळजळ मला त्या डिकीमुळंही कधी झाली नव्हती.

सर खाली वाकून नट आवळायला लागले.

“राहू द्या,” मी म्हणाले. “पण दोनपर्यंत पुरेल असला नको. बाराला सापडला पाहिजे. मला माणूस गरम जेवणाला वर लागतो.”

सरांनी विचार केला. “मग कागद काढतो. नुसता नट ढिला. बारा के अंदर पकडेंगे.”

तेवढ्यात फाटक वाजलं. मी डिकीकडं पाठ करून उभी राहिले.

“काय चाललंय?” ह्यांनी विचारलं.

“काही नाही. सरांना विचारत होते, उद्या तरी गाडी चालू होईल का.”

“भरोसा नहीं,” सर म्हणाले. “आवाज कुछ बराबर नहीं आ रहा.”

ह्यांचा चेहरा असा उजळला की मला बघवेना. भाजीची पिशवी माझ्या हातात कोंबून हे लगेच वाकायला लागले.

मी डिकी धाडकन लावली.

“उद्या,” मी म्हणाले.