बशीरचाचा आणि माझ्या गाडीचा झटका

गाडीला काय झालंय हे बशीरचाचांना सांगायचं न्हाय. तोंडानं वाजवून दाखवायचं.

सोलापुरात सात रस्त्याच्या मागच्या बोळात त्यांचं गॅरेज हाय. तिथं भल्याभल्यांना मी भर रस्त्यात ‘भर्रर्र फट्ट भर्रर्र’ करताना बघितलंय. एका वकीलसायबांनी कोट घालून गिअरबॉक्सची खरखर काढली होती. वाजवल्याबिगर चाचा गाडीला हात लावत न्हाईत. “डॉक्टरकू सिरफ बिमार हूं बोलते क्या? खोकून दावतेत ना? मग खोक!”

माझी पेट्रोलची जुनी व्हॅन हाय. तिच्यात चादरीचे गठ्ठे भरून नव्या पेठेतल्या दुकानांना पोचवायचे, हा माझा धंदा. शाळेत मी पहिलीपर्यंतच गेलो, तेबी त्याच वर्गात तीन वर्षं. पण पंचवीस वर्षं गाडी चालवतोय, तवा माझा एक समज होता की आपल्याला गाडीतलं सगळं कळतंय. ह्या समजानंच घोळ केला.

झालं असं. आमची सुमन माढ्याला दिलीय. पहिलंच बाळंतपण. सातवा लागला, डोहाळजेवण झालं, आता माहेरी आणायची. पण डोहाळजेवणाला गेलो तवाच व्हॅननं इज्जत घालवली. पाव्हण्यांच्या दारात शंभर माणूस, आणि माझी गाडी आत शिरताना अशी झटके देत आली की मागं बसलेली आमची मंडळी, म्हंजे बायको, प्रत्येक झटक्याला समद्यांना मान हलवून नमस्कार करतीय असंच वाटलं. दोघी-चौघींनी तर उलटा नमस्कारबी केला.

आमचे व्याही ऊसवाले, दारात मोठी गाडी. जाताना म्हणले, “इवाई, पोरीला न्यायला ह्या डब्यात येऊ नगा. आमची गाडी देतो की पाठवून.”

मी हसलो. हसायला काय जातंय? पण रात्री जेवण गेलं न्हाय. दुसऱ्या दिवशी सुमनचा फोन. “आबा, तुमीच या. मला तुमच्याच गाडीतनं यायचंय.”

झालं! गुरुवार ठरला. मंगळवारी व्हॅन घेऊन चाचांकडं गेलो.

“वाजव,” चाचा म्हणले.

मी वाजवली. “भुर्र भुर्र हुप्प. भुर्र भुर्र हुप्प.”

समोरचा पानपट्टीवाला लक्ष्मण खाली बसून हसाय लागला. चाचा हसले न्हाईत. डोळं मिटून म्हणले, “परत. चढावर कशी करती?” मी चढावरची वाजवली. वाजवताना मी जरा पुढं वाकलो, म्हंजे चढ वाटावा.

“तीनमधला एक सिलिंडर काम करत न्हाय,” चाचा म्हणले. “तू क्या किया?”

“मी? मी काय न्हाय केलं.”

“इंजिन झूट नै बोलता, दत्तू. ड्रायव्हर बोलता.”

हे त्यांचं ठरलेलं वाक्य. गिऱ्हाईक कुणीबी असो, आधी हे ऐकवणार.

ड्रायव्हरची सीट उचलली की खाली इंजिन. चाचांनी गाडी चालू ठेवली आणि एकेका प्लगची वायर चिमट्यानं काढून बघाय लागले. पहिली काढली, इंजिन लडखडलं. “हा काम करतो.” परत बसवली. दुसरी काढली, परत लडखडलं. “हा भी करतो.” तिसरी काढली. इंजिन होतं तसंच चालू. त्याला पत्ताच न्हाय.

“हा बघ साहेब, बसून खातोय,” चाचा म्हणले. “आता वायरमदी करंट येतो का न्हाय बघू. ही रबराला धर, टोक इंजिनच्या लोखंडाजवळ ने.”

मी टोक धरलं.

पुढचं मला नीट आठवत न्हाय. लक्ष्मण सांगतो की मी जागेवरनं उठलो न्हाय, उडालो. आणि “आई” म्हणायच्या जागी व्याह्याचं नाव घेतलं.

चाचांनी शांतपणे गाडी बंद केली. “करंट फस्क्लास हाय. वायर बरोबर. म्हंजे प्लग.”

प्लग खोलला आणि उन्हात धरला. त्याच्या पांढऱ्या चिनी मातीला केसाएवढी काळी रेघ. “हिथनं करंट बाहेर पळतोय. हा प्लग पडलेला हाय. कुणी पाडला?”

“पडला न्हाय चाचा. निसटला.”

“किसके हातसे?”

आता काय लपवायचं? महिन्यापूर्वी मोबाईलवर व्हिडिओ बघून नवीन प्लग मीच घरी बसवले होते. त्यातला एक शहाबादी फरशीवर पडला. मी उचलला, फुंकर मारली, कपाळाला लावला आणि बसवला. मला वाटलं, तुकडा न्हाय पडला, म्हंजे चांगलाच हाय. गाडी झटके द्याय लागली तवा मी पेट्रोलला शिव्या दिल्या, पंप बदलला, पुढं लिंबू-मिरची बांधली. प्लगवर संशय घेतला न्हाय, कारण तो बसवणारा माणूस माझ्या ओळखीचा होता.

चाचांनी नवीन प्लग टाकला. इंजिन असं गोड चालाय लागलं की मी तोंडानं वाजवूनबी दाखवू शकलो नसतो. मी निघालो.

“कुटं?” म्हणत चाचा आत गेले आणि काठोकाठ भरलेला पाण्याचा तांब्या माझ्या मानेमागं धरून मागच्या सीटवर येऊन बसले. “चला.”

मी क्लच सोडला. गार पाणी माझ्या मानगुटीवर.

“चाचा, अजून झटका हाय की!”

“इंजिनचा गेला. ये तेरा है.”

पंचवीस वर्षं गाडी चालवणाऱ्या माणसाला हे ऐकावं लागलं. सात रस्त्याला जेवढे म्हणून रस्ते फुटतात, तेवढ्यावर त्यांनी मला फिरवलं. ब्रेक दाबला, मानगुटीवर पाणी. गिअर टाकला, पाणी. रिकामा झाला की परत गॅरेज, परत तांब्या भरायचा. चौथ्या खेपेला मी चिडलो. “चाचा, चादरी पोचवणारा माणूस हाय मी! विमान चालवायचंय का मला?”

चाचांनी तांब्या मांडीवर घेतला.

“सातवा म्हैना हाय पोरीला,” चाचा म्हणले. “नवऱ्याची गाडी असती तर हळू चालवा म्हणली असती. बाप चालवतोय म्हणल्यावर ती कायबी बोलणार न्हाय. दुखलं तरी गप बसंल. म्हणून तांब्याला बोलू दे.”

चाचांना लेकरू न्हाय. चाची जाऊन दहा वर्षं झाली. गॅरेजच्या मागच्याच खोलीत एकटे राहतेत. हे त्यांना कुणी शिकवलं, मी विचारलं न्हाय. क्लच असा सोडला, जसं झोपलेल्या लेकराच्या डोक्याखालनं हात काढावा.

दिवस कलताना त्यांनी तांब्या तोंडाला लावला आणि त्यातलं पाणी पिऊन टाकलं. म्हंजे मी पास. जन्मात पहिल्यांदा.

गुरुवारी सकाळी मी गॅरेजवर गेलो, नुसतं ‘जातो’ सांगायला. गॅरेज बंद. दारात चाचा उभे. इस्त्रीचा पांढरा झब्बा, कानात अत्तराचा बोळा, हातात पान्यांची पिशवी.

“कुटं निघालाव चाचा?”

“मी कुटं? ये पाने चाल्ले. रस्त्यात काय झालं तर कोण बघणार, तू?” आणि पुढच्या सीटवर जाऊन बसले. आमची मंडळी मुकाट्यानं मागं सरकली.

माढ्यापर्यंत चाचा मान तिरकी करून इंजिन ऐकत बसले होते.

पाव्हण्यांच्या दारात व्हॅन अशी जाऊन थांबली की ओसरीवर पेपर वाचणाऱ्या व्याह्यानं वर बघितलंच न्हाय. मला हॉर्न मारून सांगावं लागलं, “इवाई, आलो!” ते उठले, गाडीकडं बघितलं. “नवी घेतली का काय?”

“न्हाय. ड्रायव्हर बदलला.”

जेवणं झाली. निघायच्या टायमाला पाव्हण्यांनी माहेरच्या माणसांना पाटावर बसवलं. आमच्याकडं रीत हाय, लेकीला न्यायला आलेल्याला टॉवेल-टोपीचा आहेर करत्यात. चाचा लांब, व्हॅनपाशी उभे होते. व्याही म्हणले, “आणि हे पाव्हणं कोण?”

मी तोंड उघडायच्या आत सुमन म्हणली, “आमचे चाचा हायत.” ती त्यांना आज पहिल्यांदा बघत होती. पण फोनवर तांब्याची गोष्ट मी तिला सांगितली होती. ती पोट सावरत गेली आणि त्यांच्या पाया पडाय वाकली.

“नक्को नक्को, बेटा, झुकू नक्को!” चाचा घाईनं मागं सरले ते थेट व्हॅनला धडकले.

त्यांना हाताला धरून माझ्या शेजारी पाटावर बसवलं. व्याह्यांनी खांद्यावर टॉवेल घातला, डोक्यावर पांढरी टोपी चढवली. आख्ख्या सोलापूरला आपापल्या गाड्या तोंडानं वाजवाय लावणारा माणूस. पण पाटावर त्याला हात कुटं ठेवायचं तेवढं कळंना.

येताना सुमन मागं आईच्या मांडीवर डोकं ठेवून झोपली. मोहोळ गेलं तरी उठली न्हाय. चाचा दर पाच मिंटाला मागं वळून बघायचे आणि पुढं होऊन काचेकडं तोंड करून बसायचे. डोक्यावरची टोपी तशीच.

सात रस्त्याला त्यांना उतरवलं. पानपट्टीतनं लक्ष्मण ओरडला, “ओ चाचा! टोपी-बिपी घालून! कुणाच्या लग्नाला गेलताव?”

चाचांनी आधी ओठावर बोट ठेवलं, मागं झोपलेल्या पोरीकडं दाखवलं. मग पार त्याच्या पानपट्टीपर्यंत चालत गेले आणि हळूच म्हणले,

“लगन नै रे. लेकीला आणाय गेलतो.”