नाव पुकारणारे नत्थूजी

नत्थूजींच्या घरात पहिल्या खेपेला कोणालाच प्रवेश मिळत नसे. उंबरठा ओलांडला की आतून आवाज यायचा, "बाहेर जा. पुन्हा या." मग दूधवाला असो, व्याही असो, की वर्गणी मागणारी पोरं असोत. माणूस मुकाट बाहेर जायचा, चपला जोडीनं काढून ठेवायचा, "येऊ का जी?" विचारायचा आणि मगच आत यायचा.

मी त्यांची शेजारीण. आमची दोघांची भिंत एक. एकदा वाटीभर वरण घेऊन गेले, तर मलाही तेच, "बाहेर जा, पुन्हा या." मी बाहेर गेले ती वरण घेऊन घरीच गेले. त्या दिवशी नत्थूजींनी कोरडा भात खाल्ला. दुसऱ्या दिवसापासून मला सूट मिळाली.

त्यांनी तीस वर्षं सिव्हिल लाइन्समधल्या एका मोठ्या सरकारी कचेरीत चपराशाची नोकरी केली. काम एकच. ज्या खोलीत नोकरीचे इंटरव्ह्यू होत, तिच्या दाराशी स्टुलावर बसायचं, हातात यादी धरायची आणि एकेकाचं नाव पुकारायचं. त्यांचं आडनाव निनावे. आमच्या कोष्ट्यांमध्ये हे आडनाव आहे, त्यात हसण्यासारखं काही नाही. पण जन्मभर दुसऱ्यांची नावं पुकारणारा माणूस स्वतः निनावे, यावर गल्ली हसून घ्यायची.

रिटायर झाल्यावर ते गल्लीतल्या पोरापोरींना इंटरव्ह्यू शिकवू लागले. गावाबाहेर हिंगण्याला कारखाने उभे राहत होते, आणि आमच्या घराघरांतले माग बंद पडत होते. शिकायला पुष्कळ जण यायचे. नत्थूजींची सगळी विद्या दाराच्या बाहेरची. आत काय विचारतात ते त्यांना ठाऊक नव्हतं. पण माणूस आत कसा जातो आणि कसा बाहेर येतो, हे त्यांनी हजारो वेळा पाहिलं होतं.

"पहिला इंटरव्ह्यू साहेबाजवळ नाही होत," ते सांगायचे, "चपराशाजवळ होते. साहेब मले विचारे, 'नत्थू, हा बाहेर कसा बसला होता?' जो मले 'ए' म्हने, त्याचं तिथंच आटपलं!"

त्यांचे नियम होते. नाव पुकारलं की उठायचं, धावायचं नाही. कागद वरपासून खाली शिक्षणाच्या क्रमानं लावायचे, नाहीतर आत गेल्यावर पत्त्यांसारखे पिसत बसावं लागतं. येत नसेल ते "येत नाही" म्हणायचं, कारण खोटं बोलणाऱ्याला आधी कानामागं घाम येतो. साहेबानं पाणी दिलं तर एकच घोट घ्यायचा. "गटागटा पेला का साहेबाले समजते, गडी भेला हाय, घाबरून गेला."

घरात दोन खुर्च्या होत्या. एक उमेदवाराची, एक साहेबाची. साहेबाच्या खुर्चीवर मात्र ते कधी बसले नाहीत. त्यांनी त्या खुर्चीवर माठ ठेवला होता आणि माठाला टोपी घातली होती. पोरं माठाला नमस्कार करायची. नत्थूजी दाराशी स्टुलावर बसून माठाच्या वतीनं प्रश्न विचारायचे. मला हे सगळं खुळेपणाचं वाटायचं आणि मी तसं तोंडावर म्हणायचे. "म्हना बाई," ते म्हणायचे, "पन दार हळू लावा."

माझी शकुन त्या वर्षी मॅट्रिक झाली होती आणि टायपिंगच्या क्लासला जात होती. तिचे वडील नव्हते. माझ्या दिरानं तिच्यासाठी उमरेडचं स्थळ आणलं होतं. माणूस बिजवर, वयानं मोठा, पण खाऊनपिऊन सुखी. मी शकुनला म्हटलं होतं, होळीपर्यंत नोकरी लागली तर ठीक, नाहीतर उमरेडला हो म्हणायचं. ती रडली. मी म्हटलं, रडून माग चालत नाही. माझं म्हणणं चुकीचं होतं असं मला आजही वाटत नाही. पण ती भिंतीकडं तोंड करून झोपायची, ते मला दिसत होतं.

एक दिवस नत्थूजी आमच्या दारात आले. हातात चिवड्याच्या पुडीचा तेलकट कागद. ते पुडीचे कागद कधी फेकत नसत. आधी चिवडा संपवायचे, मग त्यावरच्या 'पाहिजेत'च्या जाहिराती वाचायचे.

"शकुन वं, हे पाह्य. हिंगण्याच्या कंपनीत टेलिफोन ऑपरेटर पायजे. मॅट्रिक. आवाज स्पष्ट."

मी कागद पाहिला. खालचा कोपरा फाटलेला. "अर्जाची तारीखच नाही यात. केव्हाची गेली असंल."

"तारीख फाटली बाई, गेली काहून म्हनता?"

अर्ज पाठवला. बारा दिवसांनी बोलावणं आलं.

मग त्यांच्या घरी शकुनची तालीम सुरू झाली. माठ त्यांनी स्वतःच उतरवला. म्हणाले, "पोरीले खरा साहेब पायजे. बाई, तुम्ही बसा. तुमचं तोंड साहेबावानीच हाय." मी चौथी शिकलेली. पण खुर्चीत बसल्यावर सुचतं माणसाला. मी शकुनला उलटेसुलटे प्रश्न विचारले. एकदा तर ती चिडून म्हणाली, "आई, साहेब लोक भाजीत मीठ किती विचारत नाहीत!"

सगळ्यात जास्त भांडण एका शब्दावरून झालं. कंपनीचे साहेब पुण्याचे, अशी नत्थूजींची बातमी होती. "पुन्याच्या साहेबासमोर 'मले' नाही, 'मला'. आन 'करून राहिली' तर बिलकुल नाही. एका पोराले साहेबानं विचारलं, काय करता? तो म्हने, 'टायपिंग शिकून राहिलो.' साहेबाले वाटलं, शिकला आन घरी राहिला. गेली नोकरी!"

शकुन शंभर वेळा म्हणाली, "शिकते आहे, शिकते आहे." आणि शंभर वेळा झाल्यावर भाकरी थापता थापता मला म्हणाली, "आई, तवा तापून राहिला." दारात उभ्या नत्थूजींनी कपाळावर हात मारला.

इंटरव्ह्यूच्या दिवशी आम्ही तिघं बसनं हिंगण्याला गेलो. मला नेण्याची गरज नव्हती, पण मी गेले. शकुन आत गेली. मी आणि नत्थूजी फाटकाबाहेर कडुनिंबाखाली बसलो. माझ्यापेक्षा तेच जास्त घाबरले होते. आत कोणीतरी नाव पुकारलं की त्यांचे ओठ हलायचे.

वेळ जाईना, म्हणून मी विचारलं, "तीस वर्षं दाराशी बसले तुम्ही. कधी आत नाही गेले का? स्वतःसाठी?"

त्यांनी फाटकाकडं पाहिलं. मग म्हणाले, "एक डाव यादीत माहंबी नाव होतं."

कचेरीनं चपराशांतून कारकून घ्यायचे ठरवले होते. नत्थूजी तेव्हा रात्रीच्या शाळेतून मॅट्रिक झाले होते. यादीत अकरा नावं, त्यांचं सातवं. पण यादी पुकारायची कोणी? त्यांनीच. सहा नावं पुकारून झाली, सहा जण आत जाऊन आले.

"मंग मी पुकारलं, 'नत्थू शिवराम निनावे!' वऱ्हांड्यात पाह्यलं. कोनी उठलं नाही. नियम तीन डाव पुकाराचा. तीन डाव पुकारलं. आतून नवा साहेब म्हने, काय झालं? मी म्हनलं, गैरहजर, साहेब."

मला आधी हसू आलं. मग आलं नाही.

"असं कसं म्हटलं जी तुम्ही?"

"आदत, बाई. दुसऱ्याचंच नाव वाटलं." त्यांनी धोतराचा सोगा झटकला. "का भेलो असन. आता समजत नाही."

"मग?"

"मंग आठवं नाव पुकारलं."

घरी गेल्यावर बायकोला त्यांनी सांगितलं, की निवड झाली नाही. ती बिचारी मरेपर्यंत त्या साहेबाला शिव्या देत होती.

तेवढ्यात शकुन बाहेर आली. धावत आली, म्हणजे सगळा नियम मोडून आली. तिचा चेहरा पाहून काही कळेना.

"मी म्हटलं," ती म्हणाली.

"काय म्हटलं?"

"साहेबांनी विचारलं, सध्या काय करता? माझ्या तोंडून गेलंच, टायपिंग शिकून राहिली."

नत्थूजींनी डोक्यावरची टोपी काढून मांडीवर ठेवली.

"साहेब म्हणाले, राहिली म्हणजे? राहून गेलं? मी म्हटलं, राहून गेलं नाही साहेब, चालू आहे. आमच्याकडं जे चालू असतं त्याला राहिलं म्हणतात. तुमच्या फोनवर इथलीच माणसं बोलणार. कोणी सांगितलं, 'माल येऊन राहिला', तर माल येतो आहे की कुठं राहून गेला, हे तुम्हाला कोण सांगणार? मग साहेब हसले. दुसऱ्या साहेबांना म्हणाले, हिला टेलिफोनच्या बोर्डावर घ्या, नाहीतर या गावात आपला माल कधी पोचायचा नाही."

बसमध्ये नत्थूजी सगळ्या रस्त्यानं एकच म्हणत होते, "माह्या नियमात हे नव्हतंच वं. माह्या नियमात हे नव्हतंच."

पंधरा दिवसांनी नेमणुकीचा कागद आला. होळीला अजून आठवडा होता. मी दिराला सांगितलं, उमरेडला 'नाही' म्हणून कळवा. तो रागावला. रागावू दे.

संध्याकाळी शकुन पेढे घेऊन नत्थूजींकडं गेली, मीही गेले. ते दाराबाहेर स्टुलावर बसले होते. शकुन आत आली, आणि मला सोडून पहिल्यांदाच ते कोणाला "बाहेर जा" म्हणाले नाहीत. मी साहेबाच्या खुर्चीवरचा माठ उचलून खाली ठेवला आणि खुर्चीत बसले. शकुनला कडुनिंबाखालची गोष्ट मी घरी सांगितली होती. पुढं काय करायचं तेही सांगितलं होतं.

तिनं दाराशी उभं राहून पुकारलं. आवाज कसा, तर ऑपरेटरचा.

"नत्थू शिवराम निनावे!"

नत्थूजींनी गल्लीत पाहिलं.

"नत्थू शिवराम निनावे!"

ते हसले. "काय पोरखेळ करून राहिल्या तुम्ही मायलेकी." पण उठले नाहीत. त्यांचे हात गुडघ्यांवर घट्ट बसले होते.

शकुननं माझ्याकडं पाहिलं. मी मान हलवली.

"नत्थू शिवराम निनावे!"

ते उठले. धावले नाहीत. चपला जोडीनं काढल्या, टोपी नीट केली आणि दारात थांबले. "येऊ का जी?"

"या. बसा."

ते उमेदवाराच्या खुर्चीत बसले. त्या खुर्चीत त्यांना मी कधी पाहिलं नव्हतं. मी विचारलं, "सध्या काय करता?"

ते खुर्चीत ताठ झाले. कानामागं घाम नव्हता. मी मुद्दाम पाहिलं.

"वाट पाहून राहिलो, साहेब."

मी काही पुण्याची नाही. मला राहिलो म्हणजे काय ते कळतं. मी पाण्याचा ग्लास त्यांच्यापुढं सरकवला. नत्थूजींनी तो दोन्ही हातांनी धरला आणि एका दमात, गटागटा, सगळा पिऊन टाकला.