चंदेरी लेकीची, सोनेरी जावयाची

सोमवारी गाभण, मंगळवारी नाही, बुधवारी पुन्हा गाभण. प्रयोगशाळेतून आलेला तो कागद डॉक्टरीणबाईंनी उलटा धरून पाहिला, सुलटा धरून पाहिला आणि शेवटी समोर उभ्या असलेल्या गेंडेकाकांपुढे सरकवला.

"काका, तुमची लेक करते तरी काय? एक दिवसाआड गाभण?"

"लहानपणापासून जरा लहरीच आहे ती," काका म्हणाले.

लेक म्हणजे प्राणिसंग्रहालयातली गेंड्याची मादी. जन्मली तेव्हा आईने जवळ घेतलं नाही, म्हणून रखवालदार काकांनी तिला बाटलीने दूध पाजून वाढवलं. त्याला आता बारा वर्षं झाली. तिच्यासाठी तीन वर्षांपूर्वी परगावाहून एक नर आणला होता. तो आला तो इथेच राहिला, म्हणून त्याला सगळे घरजावई म्हणत. खायचं, चिखलात लोळायचं आणि पुन्हा खायचं, हा त्याचा दिनक्रम पाहता नाव अगदी शोभत होतं. पाळणा मात्र हलला नव्हता.

"महिनाअखेरपर्यंत वाट पाहू," संग्रहालयाचे साहेब म्हणाले होते. "काही नसेल, तर मादी दुसऱ्या संग्रहालयाला देऊन टाकू. गाडी सांगून ठेवलीय." त्या दिवसापासून काकांच्या घशाखाली घास उतरत नव्हता.

आता गेंडी गाभण आहे की नाही, हे ओळखायचं कसं? जीभ दाखव म्हटलं तर ती दाखवत नाही, आणि त्या जाड कातडीत सुई खुपसायला एकदा गेलेला माणूस दुसऱ्यांदा जात नाही. पण लीद खरं सांगते. पोटात पिल्लू असलं की लिदीत एक द्रव्य वाढतं, ते प्रयोगशाळेत मोजता येतं. अडचण एवढीच, की या गेंड्यांना शिस्त फार. जो तो येऊन एकाच ठिकाणी ढीग घालतो. मग त्यातली लेकीची कोणती आणि जावयाची कोणती?

डॉक्टरीणबाईंनी तोड काढली होती. केकवर भुरभुरवतात ती चंदेरी चमकी लेकीला केळ्यातून द्यायची. पोटाला काही बाधत नाही, जशी आत जाते तशीच बाहेर येते. चमकेल ती लेकीची. काका बारीक सुरीने सालाला उभी चीर देत, आत चिमूटभर चमकी सोडत आणि साल असं मिटवत, की केळ्यालाही कळू नये.

"केळं रोज देता ना तिला?" बाईंनी विचारलं.

"न चुकता देतो."

हे खोटं नव्हतं. पुरतं खरंही नव्हतं.

बाईंनी प्रयोगशाळेला फोन लावला. "आमचं यंत्र ठणठणीत आहे," तिकडून उत्तर आलं. "तुमचा प्राणी तपासा."

चमकी कमी पडत असेल, असं बाईंना वाटलं. त्यांनी ती दुप्पट केली. दोन दिवसांनी अख्खा ढीग उन्हात असा झळाळू लागला, की लोक वाघ सोडून इकडे येऊ लागले. पोरांना खांद्यावर घेऊन बाप कठड्याशी उभे. "तो बघ ढीग." सिंहाच्या पिंजऱ्यापुढे चिटपाखरू नाही. शेवटी, ही गर्दी कसली म्हणून साहेब स्वतः आले.

"डॉक्टर, हे काय चाललंय? इथे लोक लिदीबरोबर फोटो काढतायत."

तेवढ्यात माणसं दिसली म्हणून घरजावई काही मिळतंय का ते बघायला कठड्याशी आला. त्याने मान वर केली. त्याचा वरचा ओठ चांदण्यासारखा लुकलुकत होता.

बाईंनी काकांकडे पाहिलं. काकांनी टोपी काढून हातात घेतली.

"बाई, दोन पोरं पुढ्यात उभी असताना एकालाच खाऊ द्यायचा, हे मला जन्मात जमलं नाही. माझ्या घरी चार नातवंडं आहेत, एक गोळी आणली तरी चार तुकडे करतो. हा बापडा असा टक लावून बघतो, की हात आपोआप पुढे जातो."

"आणि त्याच्यापायी तुमची लेक चालली होती परमुलखात," साहेब म्हणाले. "आठवडा राहिलाय, काका. असल्या मिसळीच्या कागदावर मी गाडी थांबवणार नाही."

बाई मात्र हसल्या. "तुम्ही वाटूनच द्या. लेकीला चंदेरी, जावयाला सोनेरी. मग तर झालं?"

साहेबांचा काकांवरचा विश्वास उडाला होता. खाऊ देताना रोज सकाळी ते स्वतः हजर राहू लागले, फोन कानाला लावून. काकांनी टोपलीत डावीकडे लेकीची केळी लावली, उजवीकडे जावयाची. लेक खायची, जावई खायचा, आणि साहेब नुसते उभे. काकांना ते बघवेना. डाव्या हाताला साहेब असत, म्हणून डाव्या हाताला आलेलं केळं त्यांनी पुढे केलं. साहेबांनी बोलता बोलता सोललं, न पाहता खाल्लं. दुसऱ्या दिवशीही खाल्लं. पुढे तो रिवाजच पडला. लेक हल्ली टोपलीकडे जरा जास्त वेळ बघत राहते, हे काकांच्या ध्यानात आलं, पण गाडीच्या काळजीत ते मागे पडलं.

महिनाअखेरीला, गाडी यायच्या आदल्या दिवशी, अहवाल आला. काका टोपी मुठीत चुरगाळत बाईंच्या खोलीत, दारामागच्या कोपऱ्यात उभे होते. बाईंनी लिफाफा फोडला, वाचला, आणि मान वर करून बोलणार, तोच साहेब आत आले. त्यांनी मागे न बघताच दार लोटून घेतलं. कोपऱ्यातले काका त्यांना दिसले नाहीत.

"डॉक्टर, एक खासगी विचारायचं होतं," साहेब खालच्या आवाजात म्हणाले. "ती चमकी... माणसाला बाधत नाही ना?"

"नाही. का?"

"चार दिवस बघतोय. रोज सकाळी." साहेब खिडकीबाहेर पाहू लागले. "घरी कुणाला बोललो नाही."

बाईंनी ओठ घट्ट मिटून घेतले. मग अगदी गंभीरपणे विचारलं, "रंग कोणता, साहेब?"

"चंदेरी."

बाईंनी हातातला कागद पुन्हा एकदा नीट वाचला.

"चंदेरीचा अहवाल आत्ताच आलाय," त्या म्हणाल्या. "गाभण आहे. पहिले दिवस आहेत, जपायला हवं. सोळा महिने लागतात."

साहेबांच्या कपाळावर घाम आला. कागदावर खरं कुणाचं काय लिहिलंय, हे उमगायला त्यांना जरा वेळच लागला. तेवढ्यात कोपऱ्यातून काका पुढे झाले. त्यांचे डोळे भरून आले होते, पण आवाज स्वच्छ होता.

"मग उद्याची गाडी नको म्हणून सांगायचं ना, साहेब? अशा दिवसांत प्रवास बरा नव्हे."

साहेबांनी काकांकडे पाहिलं, बाईंकडे पाहिलं, आणि गाडीवाल्याला फोन लावला.