पातेल्यासाठी न्याहारी

शनिवारी सकाळी सात वाजता अमोस मझीक हातात कालथा घेऊन बिडाच्या पातेल्यासमोर उभा होता. एकाहत्तर वर्षांच्या आयुष्यात त्याने कोळंबीची बोट दोनदा वादळातून किनाऱ्याला आणली होती, पण मक्याच्या भरडीचे, लापशीसारखे ग्रिट्स कधी शिजवले नव्हते. ते खातं बायकोचं, ओडेसाचं, आणि ओडेसा नोव्हेंबरात गेली.

पातेलं ओडेसाच्या आईचं. सव्हाना शहरात राहणाऱ्या थोरल्या मेहुणीने, टॉमसीनाने, सोमवारी फोन करून त्याचा निकाल लावला होता.

"अमोस, तू डब्यातलं सूप गरम करून खातोस म्हणे."

"कधीकधी."

"त्याला आईचं पातेलं कशाला लागतं? शनिवारी येते आणि घेऊन जाते. भांडं शेगडीवर असावं, फडताळात नाही."

चव्वेचाळीस वर्षं अमोस त्या पातेल्यात फिरणाऱ्या कालथ्याच्या आवाजाने जागा झाला होता. ओडेसाचे कपडे, टोप्या सगळं त्याने चर्चला देऊन टाकलं होतं. आता पातेलंही गेलं तर हे घर आपलं वाटणार नाही, हे त्याला पक्कं ठाऊक होतं. त्यातून शनिवारी ओडेसाचा वाढदिवस.

"ताई, न्याहारीलाच या," तो म्हणून गेला. "त्याच पातेल्यात कोळंबी आणि ग्रिट्स करतो. ओडेसा करायची तसे. मग तुम्हीच ठरवा."

"बरं," टॉमसीना म्हणाली. "येताना खोकं मात्र आणते."

एका वाटीला चार वाट्या पाणी, असं पिशवीवर लिहिलं होतं. कोरडे ग्रिट्स अगदीच चिमूटभर दिसत होते, म्हणून अमोसने दोन माणसांसाठी चार वाट्या घेतले. अर्ध्या तासात त्यांनी कालथा उभा धरला. घाबरून त्याने रूफसला फोन लावला. रूफस त्याचा खाडीवरचा सोबती, चाळीस वर्षं शेजारी गळ टाकून बसणारा.

"घट्ट झालंय."

"मग पाणी घाल."

अमोसने पाणी घातलं. "आता पातळ झालंय."

"मग ग्रिट्स घाल."

"पातेल्यात जागा नाही."

"मग दुसरं भांडं घे. सगळं मीच सांगायचं का? त्यापेक्षा तू सांग, या हिवाळ्यात तुलाच कसे मासे लागतायत? मी तुझ्यापासून दोन हातांवर बसून माशा मारतोय."

"हाताचा गुण असतो, रूफस," अमोस म्हणाला आणि दुसरं भांडं शोधायला गेला.

दुसरं भरलं तेव्हा तिसरं आलं. मग टर्की भाजायचं पसरट भांडं, मग केकचा साचा, आणि शेवटी बर्फाची बादली. पातळ, घट्ट, पुन्हा पातळ असं करत अमोस ओट्याच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत कालथा घेऊन पळत होता. दुकानातून आणलेली कोळंबी बेकनच्या चरबीत टाकल्याचं त्याला आठवलं, तेव्हा तिला शिजून पाऊण तास झाला होता. कोळंबीला दोन-तीन मिनिटं पुरतात. हिची शर्टाची बटणं झाली होती. त्याच वेळी पातेल्याच्या बुडातून करपल्याचा वास आला आणि दारात गाडीचा हॉर्न वाजला.

टॉमसीना डोक्यावर निळी टोपी आणि हातात खोकं घेऊन स्वयंपाकघरात आली. तिने बादली पाहिली, केकचा साचा पाहिला. एक कोळंबी तोंडात टाकली, बराच वेळ चावली आणि परत बाहेर काढली.

"अमोस, किती माणसं बोलावलीस?"

"आपण दोघंच."

"आणि ही कोळंबी कशाने मारलीस?"

अमोस खुर्चीवर बसला. "घेऊन जा ताई," तो म्हणाला. "मला जमलं नाही." त्याने शर्टाची बाही डोळ्यांना लावली, आणि टॉमसीनाने उगाचच फ्रीझरचं झाकण उघडून आत डोकं घातलं.

आत दुधाचा एकच कागदी डबा होता, पाणी भरून गोठवलेला. त्यावर ओडेसाच्या अक्षरात मोठ्ठं लिहिलं होतं, 'आमिष'.

"हे काय आहे?"

"गळाला लावायची कोळंबी. ओडेसाने सप्टेंबरात भरून ठेवली होती. नऊ डबे होते, हा शेवटचा."

"आणि बाकीचे आठ?"

"मासे धरले की. असे मासे लागले म्हणून सांगू, रूफस जळून खाक झालाय."

टॉमसीना खोक्यावरच बसली. आधी तिचे खांदे हलले, मग टोपी, मग ती हसून हसून डोळे पुसायला लागली.

"अरे देवा. आमचे बाबा आणि भाऊ दुपारी गुपचूप कोळंबी तळून खायचे. म्हणून आई सगळ्यात चांगल्या कोळंबीवर 'आमिष' लिहायची. ओडेसा तिचीच लेक. तुझ्यापासून लपवली होती रे ती, तुझ्याचसाठी."

अमोसने डब्यावरचं अक्षर पुन्हा वाचलं. "जरा मोठी वाटली होती," तो म्हणाला. "मला वाटलं, माशांच्या बाबतीतही तिने हात आखडता घेतला नाही."

डबा गार पाण्यात सोडला. टॉमसीनाने कोळंबी सोलली, तव्यावर टाकली, आणि अमोसला शेजारी उभं करून मोठ्याने एकशेवीस आकडे मोजायला लावले. ग्रिट्स केकच्या साच्यातले घेतले, ते त्यातल्या त्यात बरे होते. दोघांनी पहिला घास घेतला. चव ओडेसाची होती.

मग टॉमसीनाने पातेलं ओढलं आणि बुडाची करपट खरवड चमच्याने खरडून खाल्ली.

"लहानपणी हिच्यासाठी आम्ही दोघी झिंज्या उपटायचो," ती म्हणाली. "पुढे ओडेसा इतकी सुगरण झाली, की तिच्या घरी मला कधी खरवड मिळाली नाही. पातेलं इथेच राहू दे. दर वर्षी वाढदिवसाला येईन. असंच करपव."

खोक्यात तिने बादलीतले ग्रिट्स भरून नेले, तिच्या कोंबड्यांसाठी.

दुसऱ्या दिवशी चर्चनंतर अमोस दुकानातलं आमिष घेऊन खाडीवर गेला. अंधार पडेपर्यंत एकही मासा लागला नाही.

"काय झालं रे हाताच्या गुणाला?" रूफसने विचारलं.

अमोसने गळ वर घेतला. आमिष जसंच्या तसं होतं.

"त्यांना तिच्या हातचं खायची सवय झाली होती," तो म्हणाला, आणि माशांचं काही चुकलं असं त्याला वाटलं नाही.