हकीकत लल्ला मन्नूबिया यांच्या खलबत्त्यावरील स्वारीची

साल-तारीख घातली नाही, कारण की मोहिमेच्या कर्त्यांस आपली नामोशी तारखेनिशी दप्तरी राहावी हे मंजूर नाही. परंतु मोहीम जाहली हे खरे, ट्यूनिस शहरी लाफायेत पेठेत जाहली, आणि त्या जिन्यावरील समस्त बिऱ्हाडे साक्षीस हयात आहेत, यास्तव जैसे घडले तैसे लिहिले आहे. वाचणारांनी हसू आलियास तोंडास रुमाल लावावा.

सी हेदी बेन मिलाद म्हणोन तिसऱ्या मजल्यावर एक थोर असामी (तिकडे पुरुषांस 'सी' म्हणजे रावसाहेब आणि बायकांस 'लल्ला' म्हणजे बाईसाहेब म्हणतात). तीस वर्षे सरकारच्या भूकंपमापन कचेरीत चाकरी केली, आणि समुद्रापलीकडे सिसिलीत डोंगराने कूस बदलली तरी यांनी इकडे कागदावरील रेघ पाहोन सांगावे की अमुक घटकेस हालले, ऐसा लौकिक. मग पेन्शनीत निघाले आणि उमेदीची सर्व हौस एकवटोन जर्मन मुलुखातील कारागिरांकडून तबकडीयंत्र मागविले. ते चार हमालांनी जिना चढविले. जाड काचेची चकती, तिचे खाली स्प्रिंगांचा नाजूक पलंग, बगळ्याच्या मानेसारखा दांडा, आणि दांड्याचे टोकी हिऱ्याची सुई, ती इतकी हलकी की तबकडीस कळू नये आपणांस कोणी शिवले. पूर्वीचे यंत्र म्हणजे बाजारी तट्टू होते, शेजारी कपाट पाडले तरी गाणे सोडीत नसे. नवे मात्र शाहजादी निघाली, आणि शाहजादीचे नखरे तेच या मोहिमेचे मूळ.

सी हेदींचे संग्रही मालूफ, म्हणजे तिकडील घरंदाज जुन्या गाण्याची, एक तबकडी होती, कोणा लग्नात भरली होती, आणि तिचे दुसरे बाजूस अखेरीस व्हायोलिने चढत जातात, आणि गवई श्वास धरतो, आणि वऱ्हाडातील कोणी म्हातारा "अल्ला!" म्हणोन ओरडतो, आणि गवयास भर तानेत हसू फुटते, आणि हसतहसत तो तान पुरी करितो. ते हसू नव्या यंत्रावर ऐकावे याचकरिता हा सर्व खटाटोप. परंतु व्हायोलिने चढू लागली की सुई उडी घेई आणि हसूच्या पलीकडे जाऊन पडे. अकरा दिवस बैठक घातली, अकरा वेळां शिकस्त जाहली.

मग सी हेदींनी तजवीज केली. चहाचा पेला काठोकाठ भरोन जमिनीवर ठेविला आणि पालथे पडोन तरंग पाहिले. प्रथम ट्रामचा संशय घेतला, तो ट्रामचे वेळापत्रकाने फेटाळिला. मग पाण्याचे पंपाची चौकशी केली, तो महिनाभर नादुरुस्त होता. तेव्हां वरून ठण् ठण् ऐसा आवाज आला, पेल्यात तरंग उठला, आणि गनीम सापडला.

चौथे मजल्यावर लल्ला मन्नूबिया, वय सत्तर, विधवा. यांचे पदरी पितळेचा खलबत्ता, बत्ता मनगटाएवढा. त्यात धने, शहाजिरे, लसूण आणि सुकी मिरची कुटोन साऱ्या इमारतीस मसाला पुरविणे हा त्यांचा चाळीस वर्षांचा दस्तुर, आणि रमझान पंधरा दिवसांवर आला असता दोन्ही प्रहर कुटाई चालली होती.

सी हेदींनी तळमजल्याचे औषधवाले सी शदली यांस वकिली देऊन, खजुराच्या मक्रूद मिठाईचे तबक नजराणा देऊन वर रवाना केले. वकील दोन तासांनी परतले. तबक रिते, डोळे लाल, बोटांस वास.

"काय झालं?" सी हेदींनी पुसले.

"काय होणार? दोन किलो लसूण सोलून घेतला माझ्याकडून," वकील वदले. "मुद्द्यावर येतच होतो, तेवढ्यात म्हणाली, हात रिकामे दिसतायत तुझे."

मग खासा स्वारी निघाली. सी हेदी कोट चढवोन, कंपनांचा आलेख गुंडाळोन चौथे मजल्यास गेले आणि गनिमासमोर आलेख पसरिला. लल्ला मन्नूबियांनी तो उलटा धरिला.

"हे काय रे हेदी, तुझा रक्तदाब?"

"लल्ला, हा तुमचा बत्ता आहे."

"माझा बत्ता तो बघ, तिथं आहे."

"तुमच्या कुटण्यानं माझ्या यंत्राची सुई उडते. जर्मनीचं यंत्र आहे."

"मग जर्मनीला पाठव, तिथं कुणी कुटत नाही. तुझी आई माझ्याकडून मसाला न्यायची, तिच्या घरी रेडिओ होता, तो कधी उडाला नाही."

वाटाघाट लांबली. अखेर तह ठरला की सी हेदींची तबकडी निर्वेध वाजेतोवर खलबत्ता बंद. मात्र कोणी मसाला मागावयास आलियास लल्लांनी कारण सांगावे आणि नावानिशी सांगावे.

ते समयी खाली बिऱ्हाडात एक गोष्ट घडली. सी हेदी परतले तों त्यांचे कुटुंब लल्ला रादिया भाजी चिरीत बसल्या होत्या. म्हणाल्या, "अहो, यंत्र चालू ठेवून गेला होता. तुम्ही नसताना गवई छान गायला. हसलासुद्धा."

सी हेदींस हा टोमणा वाटला. तीस वर्षे भूकंप वाचणारांनी घरचे बोलणे वाचिले नाही, ही मोठी चूक जाहली.

तहाने इमारतीत हाहाकार उडाला. दुकानची पुडी आणोन लोकांनी रव्याचे कुसकुस शिजविले, तें भुशासारखे लागले. जिन्यात सी हेदींस सलाम मिळेना. दुसरे मजल्यावरील बाईंनी त्यांचे देखत पातेल्याचे झाकण उघडोन म्हटले, "घ्या वास. येतोय का काही? नाही ना? तुमची मेहेरबानी." सी शदलींनी त्यांस डोकेदुखीची गोळी देणेही लांबविले. रमझान आठ दिवसांवर, आणि अवघी इमारत एका गृहस्थाचे सुईपायी बेचव.

आणि सुई तरी उडतच होती.

तेव्हां सी हेदींनी अविचार केला. जिन्यात उभे राहोन वर हाक दिली की लल्ला चोरून कुटतात. ऐकतांच लल्ला मन्नूबिया पायऱ्या उतरोन, थेट त्यांचे दिवाणखान्यात शिरोन, दोन्ही हात पुढे करोन खुर्चीत बसल्या.

"हे माझे हात. मोज. दोन आहेत? आता लाव तुझं."

सी हेदींनी तबकडी लाविली आणि आपले आसनी बसले. रादिया दारात उभ्या राहिल्या. व्हायोलिने चढू लागली, सी हेदींचे डोळे मिटले, मान डोलू लागली, आणि सुई उडाली.

"पाहिलंत!" सी हेदी गरजले.

"पाहिलं," लल्ला म्हणाल्या. "तुझा पाय पाहिला."

"कुठला पाय?"

"उजवा. घोड्यासारखा आपटतोयस, मुला. खाली लाकडी तुळया आहेत, खोली हादरते."

"मी? मी पाय आपटत नाही."

"आपटता," रादिया म्हणाल्या. "लग्न झाल्यापासून आपटता. मला वाटलं, तुम्हाला ठाऊक आहे."

सी हेदींनी वाकोन आपला उजवा पाय न्याहाळिला. सिसिलीपर्यंतचे हादरे ज्यांनी टिपिले त्यांस आपले सपातेतील हादरा आजन्म टिपता आला नाही. कान लाल जाहले, आणि मग हळूच म्हणाले, "लल्ला, माफ करा. साऱ्या जिन्यासमोर मागतो माफी."

"ती नंतर. आधी पायाचं बघू."

मग पायाचे पारिपत्य आरंभिले. प्रथम शपथ घेतली. पायाने ती मानिली नाही. सपाता काढिल्या, टाच वाजली. उजवा पाय खुर्चीस बांधिला. खुर्ची नाचली आणि डावा पाय फितूर जाहला. अखेर लल्लांचे हुकुमाने सी हेदींस कोचावर आडवे घातले, दोन्ही पाय उशीवर ठेविले, आणि त्यांवर कुसकुसाचे रव्याचे पंचवीस किलोचे पोते चढविले. आणि खलबत्त्याचे निर्दोषत्व सिद्ध व्हावे म्हणोन सी शदलींस चौथे मजल्यास धाडोन हुकूम दिला की तबकडी संपेतोवर धने कुटावे, हात थांबवू नये.

तिसरे प्रहरची असरची नमाज होऊन अर्धा तास जाहला होता. वर बत्ता ठणाणत होता. व्हायोलिने चढली, पोते थरथरले, परंतु ढळले नाही. गवयाने श्वास धरिला, म्हातारा ओरडला, आणि गवई हसला. हसू स्वच्छ आले, ओठ उघडल्याचा आवाजही आला, आणि त्यामागे कोणी बाईही हसली होती, ती जुन्या यंत्राने कधी ऐकविली नव्हती. सी हेदींचे डोळ्यांतून पाणी वाहिले, ते पुसावयास कोणी गेले नाही.

येणेप्रमाणे फत्ते जाहली. खलबत्ता इज्जतीने बहाल जाहला, रमझानचा मसाला वेळेत जिन्यात वाटला, सी हेदींनी दारोदार जाऊन माफी मागितली ती सर्वांनी घेतली, आणि दुसरे मजल्यावरील बाईंनी दोनदां मागवोन घेतली. जखमी एक, सी शदली, तळहातास फोड.

परंतु त्या दिवशीचे अखेरचे कलम लिहिणे राहिले. तबकडी संपतांच लल्ला मन्नूबिया म्हणाल्या, "पहिली बाजूही लाव की." सी हेदी उठू गेले तों पायांस मुंग्या येऊन दोन्ही पाय बधिर, उठवेना. यंत्रास त्या घटकेपावेतो दुसरे माणसाचे बोट लागले नव्हते. रादियांनी पदराला, म्हणजे सफसारीच्या टोकाला, हात पुसले, तबकडी उलटिली, दांडा दोन बोटांनी उचलिला, आणि श्वास न सोडता सुई पहिल्या रेघेवर ऐसी उतरविली की तबकडीस कळले नाही.

"हलू नका," त्या म्हणाल्या.

सी हेदी हलले नाहीत.