सहा गुणांची फेरतपासणी

तारनाक्याला आमच्या शेजारी राहणारे किनवटकर सर परीक्षकांना गुण देतात. विद्यार्थ्यांना गुण देणारे मास्तर मी पुष्कळ पाहिले, पण दुसऱ्याने दिलेल्या गुणांना गुण देणारा माणूस हा एकच. लाल शाई, समासात बरोबर-चूक, शेवटी वर्तुळात आकडा. सगळं रीतसर.

सर इंटरला, म्हणजे अकरावी-बारावीला, गणित शिकवत आणि पेपरतपासणीत मुख्य परीक्षक असत. निवृत्त झाल्यावर लाल पेन हाताला चिकटून राहिलं आणि तपासायला काही मिळेना. काही दिवस वर्तमानपत्रांचे अग्रलेख तपासले; सगळ्यांवर ‘सकारण लिहा’ असा शेरा मारून ते रद्दीत घातले. मग वैजूचा गेम आला.

वैजू ही सरांची एकुलती एक मुलगी. तेव्हा शहरात काचेच्या इमारती उगवू लागल्या होत्या. त्यांतल्या एकीत बसून परदेशी कंपन्यांच्या कॉम्प्युटर गेमसाठी चित्रं काढायची नोकरी तिला मिळाली. गेम बंदूकबाजीचा, पण चित्रकथेच्या पुस्तकासारखा रंगवलेला. जाड काळ्या रेषा, सपाट रंग. गोळी सुटली की तिचा आवाज अक्षरांत पडद्यावर उमटे. शत्रू पडला की त्याच्या पडण्याच्या तीन चित्रचौकटी कोपऱ्यात उघडत. खेळणाऱ्याला स्वतःचे फक्त हात आणि बंदूक दिसे. त्यातल्या भिंती, दारं आणि जिने वैजूनं काढलेले.

सर कोठी बाजारातल्या मजीदभाईंच्या इंटरनेटच्या दुकानात जात, समीक्षकांचं म्हणणं छापून आणत आणि माझ्या व्हरांड्यात तपासायला बसत. मीही थोडं वाचलं. एका बंदुकीच्या खेळाबद्दल इतकं गंभीर कुणी लिहीत असेल असं मला वाटलं नव्हतं. आमच्याकडे महाकाव्यांचीसुद्धा इतकी चिरफाड होत नाही. मथितार्थ मात्र सगळ्यांचा एकच: चित्रं अप्रतिम, गोळीबार सामान्य, शत्रू मठ्ठ आणि गोष्ट अर्ध्यावर सोडलेली. दहापैकी कुणी आठ दिले, कुणी सात. एका विलायती मासिकानं सहा दिले.

त्या सहांनी सरांची झोप उडवली.

“शत्रू हौले आहेत, कबूल,” सर म्हणाले. हौला म्हणजे आमच्या शहरात ठार मूर्ख. “पण वर्ग हौला निघाला म्हणून फळ्यावरचं अक्षर वाईट ठरतं का, कुलकर्णी? हा समीक्षक स्वतःच लिहितो, असं देखणं काम कित्येक वर्षांत पाहिलं नाही. आणि खाली सहा! सकारण लिहा म्हणावं.”

“सर, तुम्ही गेम खेळून पाहिलात का?”

“इतकी वर्षं पेपर तपासले. मुलांबरोबर बाकावर बसलो होतो का?”

पण सर खेळलेच नव्हते, हे खरं नव्हतं. ते मजीदभाईंकडून कळलं. सर त्यांच्या दुकानात गेम लावून बसत आणि पहिल्याच मिनिटाला मरत. शत्रू समोरून गोळ्या घालत असताना सर एका भिंतीकडे बघत उभे राहत.

“मैं बोला, अजी मास्टरसाब, दुश्मन कू मारो ना! दीवार कू कायकू घूर रै?” मजीदभाई सांगत होते. “तो बोले, गोली कोई भी मारता मियाँ, ये दीवार हमारी बच्ची की है. फिर मैं बी देखा. दीवार अच्छीच थी, साब.”

आता सरांची दुसरी बाजू सांगायला हवी. आपल्या जवळचं कुणी परीक्षेला बसलेलं नाही, असं परीक्षकाला दर वर्षी लिहून द्यावं लागे. वैजू इंटरला बसली त्या वर्षी सरांनी ‘मुलगी बसली आहे’ असं लिहून दिलं आणि तपासणीला गेलेच नाहीत. निकाल लागला. वैजूला नेमके गणितात दोन गुण कमी पडले आणि इंजिनिअरिंगची जागा हुकली. सगळी गल्ली म्हणाली, फेरतपासणीचा अर्ज करा. सर म्हणाले, “परीक्षकाच्या घरातून अर्ज गेला, तर बाकीच्या मुलांनी कुणाकडे बघायचं?” वैजूनंही अर्जावर पालकाची सही मागितली होती. ती मिळाली नाही. मग ती चित्रकलेला गेली. त्या दिवसापासून बापलेकीत बोलणं होई ते दूध, गॅस आणि पाहुणे एवढ्याच विषयांवर.

एका रविवारी सकाळी सर माझ्याकडे कागद घेऊन आले. विलायती मासिकाच्या संपादकाला अर्ज. मुद्दे बोर्डाच्या छापील अर्जाप्रमाणे: विषय, चित्रे. मिळालेले गुण, सहा. विनंती, फेरतपासणी. सोबत त्या समीक्षेची नक्कल. सगळं तीन प्रतींत.

“राजपत्रित अधिकाऱ्याचा शिक्का लागतो,” सर म्हणाले. “तुमच्याकडे आहे.”

“सर, ते मासिक आहे, बोर्ड नाही. तिथे असले अर्ज कुणी वाचत नाही.”

“तुम्ही सत्यप्रत करा. वाचायचं त्यांच्याकडे लागलं.”

मी चष्मा लावला. अर्जात शेवटचा रकाना होता, ‘उमेदवाराशी नाते’. जन्मभर ज्या माणसानं या एका रकान्याला भिऊन नियम पाळले, त्यानं तिथे मोठ्या अक्षरांत लिहिलं होतं: वडील.

तेवढ्यात वैजू आली. “काका, अण्णा इकडे आहेत का? गॅसवाला आलाय,” म्हणता म्हणता तिची नजर कागदावर गेली. तिनं तो उचलून उभ्याउभ्याच वाचला.

“अण्णा, असे मार्क वाढत नसतात.”

“मला माहीत आहे.”

“मग?”

सर पेनाचं टोपण लावायला लागले. ते काही केल्या बसेना.

“एक अर्ज करायचा राहिला होता,” ते म्हणाले.

 वैजूनं तिन्ही प्रती नीट जुळवून त्यांच्या पुढ्यात ठेवल्या. “तिसरीवर सही राहिलीय तुमची,” ती म्हणाली. सरांनी सही केली. ती होईपर्यंत तिनं कागद एका बोटानं दाबून धरला होता. बाहेर गॅसवाला हाका मारत होता.

मला निवृत्त होऊन चार वर्षं झाली होती. शिक्का मारण्याचा मला काडीचाही अधिकार उरला नव्हता. मी तो तिन्ही प्रतींवर मारला आणि चांगला ठसठशीत मारला.